वारशाचा आवर्ती खर्च

वसईच्या किल्ल्याला किती कोटी मिळाले आणि ते कोणी आणले, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. तो पैसा कोणत्या प्रकारच्या खर्चासाठी आहे, हा प्रश्न त्या वादात येतच नाही. चिमाजी आप्पांचा १७३९चा विजय आणि १८०२चा तह सगळ्यांना पाठ आहेत. पण वसईजवळच्या वटार, निर्मळ, भुईगाव या पट्ट्याचा इतिहास किल्ल्याच्या तटाशी संपत नाही.

पर्यटन वाढले की वारसा आपोआप जपला जाईल, असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या रविवारी किल्ल्यात फिरून यावे.

दखल घ्यावी असे मत एकच आहे. इतिहासाचे काम लोकवर्गणीतून आणि हौसेतून व्हावे. सरकारी पैशामागून सरकारी आवडनिवड येते, असे ते मत. ही मंडळी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा दाखला देतात, आणि तो वजनदार आहे. १९१०मध्ये त्यांनी स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ अनुदानाची वाट पाहत उभे राहिले नव्हते. उत्तर कोकणाच्या इतिहासाला आधार देणारी महिकावतीची बखरही राजवाड्यांनीच १९२४मध्ये प्रसिद्ध केली. सरकारी आवडनिवडीची भीतीही खोटी नाही. तरीही हे मत मला मुळातच चुकीचे वाटते. राजवाडे एक होते. त्यांच्या विरक्तीवर धोरण बांधता येत नाही. शिवाय वर्गणीलाही आवडनिवड असतेच. माणूस आपल्या देवळाला देतो, आपल्या चर्चला देतो, ज्ञातीच्या सभागृहाला देतो. यात गैर काही नाही. पण भुईगावात १९५६मध्ये सापडलेला अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा कोणत्या आळीच्या वर्गणीत बसतो? वाड्यांमध्ये पिढ्यानपिढ्या राबलेल्या आदिवासी मजुरांच्या आठवणी कोण टिपून ठेवणार? ज्यांच्याकडे वर्गणीला पैसा नाही, त्यांचा इतिहास वर्गणीतून लिहिला जात नाही. सरकारी पक्षपाताविरुद्ध निदान विधानसभेत प्रश्न विचारता येतो. वर्गणीच्या पक्षपाताला जाब कोण विचारणार?

म्हणून अनुदान हवेच. माझे भांडण आहे ते अनुदानाच्या घडणीशी. आपले बहुतेक अनुदान भांडवली खर्चासाठी असते: चिरे, चुना, कुंपण, दिवे, फलक. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की विषय संपतो. शिकवणे हा मात्र दर वर्षी नव्याने करावा लागणारा, आवर्ती खर्च आहे.

बावखलाचेच पाहा. वसईच्या वाड्यांतली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी मुरवतात आणि विहिरींत खारे पाणी शिरू देत नाहीत. एखादे बावखल उपसायला एकदाचा निधी मिळूही शकेल. पण ते कुठे खोदायचे, पाणी कुठून घ्यायचे, हे ज्या वृद्धाला ठाऊक आहे त्याच्याकडे मुलांना नेणारा शिक्षक, त्याची सामवेदी बोली लिहून घेणारी मुलगी, त्या नोंदी सांभाळणारे वाचनालय, यांना कोणत्या शीर्षाखाली पैसे द्यायचे? ते शीर्ष नाही म्हणून ही कामे एखाद्याच्या उत्साहावर चालतात, आणि तो दमला की थांबतात.

माझी मागणी मर्यादित आहे. वारशाच्या प्रत्येक अनुदानात ठरावीक हिस्सा मानधनासाठी राखून ठेवावा, तोही किमान पाच वर्षांसाठी, आणि तो बांधकामाकडे वळवण्यास मनाई असावी. त्यामुळे तटाचे चार चिरे कमी बसले तरी चालतील. ते पुढच्या वर्षी बसवता येतात.