सोंग कोणाचे, दोष कोणाचा?

बिदरच्या दरबारात खुद्द देव वेश पालटून आला होता, ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला मोकळी केली, बादशहाचे बोलावणे आले, आणि पंत पोचण्यापूर्वीच विठू महाराच्या रूपाने विठ्ठलाने धान्याची रक्कम चुकती केली. वेश पालटून पंचवटीत रावणही आला होता. सोंग दोन्हीकडे होते. मग एकास कृपा आणि दुसऱ्यास पाप का म्हणावे? आम्हांस वाटते, सोंगाची किंमत कोण मोजतो, यावरून. एकाने परक्याचे ऋण आपल्या शिरी घेतले. दुसऱ्याने भिक्षा घालणारीचेच हरण केले.

तोच भिक्षेकरी आज मुलांच्या मोबाइलमध्ये उभा राहतो. त्याच्यावर रहस्यपट निघतात आणि शेवटपर्यंत ‘तो कोण?’ या एका प्रश्नावर आपल्याला खिळवून ठेवतात. २०१८ च्या ‘सर्चिंग’ या चित्रपटातील बाप मात्र हरवलेल्या मुलीचा संगणक उघडतो, तेव्हा गुन्हेगार सापडण्याआधी त्याला एवढेच कळते की आपण आपल्या मुलीला ओळखतच नव्हतो.

प्रत्यक्षात तर ‘तो कोण?’ याचे उत्तर मिळेलच असे नाही. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईत अंधेरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन खून झाला. ‘ऑर्कुट’वर मुलीच्या खोट्या नावाने त्याच्याशी मैत्री जोडली गेली, असे पोलिसांचे म्हणणे होते. जानेवारी २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने चौघा आरोपींना निर्दोष सोडले. पुढे २०१४ मध्ये ‘ऑर्कुट’ही बंद पडले. अशा वेळी शिकारी हाती लागत नाही आणि लोकांची बोटे सावजाकडे वळतात : ‘अनोळखी माणसाशी ओळख वाढवलीच कशाला?’

सीतेलाही आपण हेच विचारत आलो : रेषा का ओलांडली? प्रचलित कथेत ती ओलांडली गेली ती भिक्षा घालण्यासाठी. रावणाने तिच्या चुकीचा नव्हे, चांगुलपणाचा फायदा घेतला. कोवळ्या वयाला कौतुकाची भूक असते, तो काही अपराध नव्हे. आपल्या सीमाभागातील मुले शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि घरात मराठी बोलतात. शिक्षणासाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेली की वसतिगृहाच्या खोलीत एकटी पडतात. तेथे घरच्या बोलीत कोणी विचारपूस केली, तर तो त्यांना आपला वाटणारच.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांना सावधही करू नये काय? अवश्य करावे. परंतु घडण्यापूर्वी जो शब्द सावधगिरीचा असतो, तोच घडल्यानंतर उच्चारला की दोषारोप होतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने हा भेद ओळखला आहे. लैंगिक हेतूने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून मुलाशी वारंवार संपर्क साधणे हा त्यात गुन्हा आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाची ‘संमती’ हा गुन्हेगाराचा बचाव ठरत नाही. कायद्याने जे मूल निर्दोष मानले, त्याला आपली माजघरे मात्र दोषी ठरवतात.

त्याचा परिणाम भयंकर होतो. ‘तुझ्या घरी सांगेन’ ही शिकाऱ्याची शेवटची धमकी असते. घराचे भय जेवढे मोठे, तेवढी ती धमकी चालते. म्हणजे त्याचे भांडवल आपणच पुरवतो. घराण्याच्या अब्रूला जपणाऱ्या आपल्यासारख्या जुन्या कुटुंबांनी तर हे अधिकच ध्यानी घ्यावे. मुलाने तोंड उघडताच मोबाइल हिसकावून घेतला, तर शिक्षा गुन्ह्याला न होता सांगण्याला होते, आणि पुढच्या वेळी ते मूल गप्प बसते.

१०९८ किंवा १९३० या क्रमांकांवर मदत मागता येते. पण हे क्रमांक फिरवण्याआधी मुलाला घरात कोणाला तरी पहिले वाक्य सांगावे लागते. ते ऐकून लाज मुलाच्या माथी न मारता आपल्या शिरी घेणारा कोणी घरात आहे काय, हाच आमच्या मते या काळातील वडिलकीचा खरा प्रश्न आहे.