परत मिळालेली जमीन

दुसऱ्याची जमीन हिरावून घेणें हा अन्याय आहे, हें सांगावयास तत्त्ववेत्ता लागत नाहीं. परंतु ती परत मिळाल्यावर धन्यांमध्येंच कलह माजला, तर त्याचा अर्थ काय करावा, हा प्रश्न तितका सोपा नाहीं.

दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यांत, ऑरेंज नदीच्या मुखाजवळ, रिख्टर्सवेल्ड नांवाचा रुक्ष प्रदेश आहे. नामा लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या मेंढरें चारीत. १९२० नंतर कांहीं वर्षांतच तेथें हिरे सांपडले, आणि किनाऱ्याच्या पट्ट्यांतून या लोकांना हळूहळू हुसकावण्यांत आलें. ती भूमि व तिच्यांतील खनिजें परंपरागत कायद्यानें समाजाच्या सामाईक मालकीचीं होतीं, असा निर्णय तेथील घटना न्यायालयानें २००३ सालीं दिला. २००७ सालीं तडजोड झाली. जमीन परत देण्याचें ठरलें, आणि हिऱ्यांच्या खाणींसाठीं अलेक्सकोर या सरकारी कंपनीशीं भागीदारी झाली. कंपनीचा वाटा शेंकडा ५१, समाजाचा ४९. त्या वेळींच कांहींनीं हरकत घेतली होती. पुढें समाजाच्या संस्थेच्या कारभारावरून तट पडले.

हें पाहून त्रयस्थ म्हणतो, यांना जमीन देऊन काय साधलें? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. चोरीचा माल परत करतांना, धनी त्याचें काय करील, हें विचारण्याचा अधिकार चोरास नसतो.

तथापि एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. आपल्याकडील एकत्र कुटुंब घ्या. वडिलोपार्जित मिळकतींत हक्क जन्मतःच येतो. व्यवहार मात्र कर्ता पाहतो. शेत कसलें जात असतें तोंवर त्याचें काम सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें. त्याच शेतावर परक्याच्या भागीदारींत गिरणी उभी राहिली, कीं हिशेब कपाटांत जातो आणि भाऊबंदकी ओसरीवर येते. रिख्टर्सवेल्डचें कुरणही सर्वांस दिसे. कंपनींतील वाटा केवळ कागदावर दिसतो, आणि कागद थोड्यांच्याच हातीं असतो.

म्हणून आमच्या मतें दोहोंची कसोटी निराळी आहे. हक्क देतांना पात्रता विचारूं नये. भागीदारी करतांना मात्र संमति आणि हिशेब विचारलाच पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार त्रयस्थाचा नव्हे, समाजांतील शेवटच्या मेंढपाळाचा आहे. हिशेब मागणाऱ्यास घरभेदी म्हणण्याची चाल आपल्या घरांतही आहे. वस्तुतः घर फोडतो तो हिशेब लपविणारा.