गावागावाचा सूर्य

छायाचित्रकाराच्या उपयोगाचा एक अगदी छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. टर्मिनलवर अक्षांश, रेखांश आणि तारीख टाइप करायची. तो सूर्योदय, मध्यान्ह, सूर्यास्त, संधिप्रकाश आणि सोनेरी उजेडाच्या वेळा पाच-सात ओळींत छापतो आणि थांबतो. इंटरनेट लागत नाही. जळगावसाठी २१.०१ आणि ७५.५६ हे आकडे दिले की २१ जूनचा सूर्योदय ५:४७च्या सुमारास येतो आणि २१ डिसेंबरचा सातच्या सुमारास. धुळ्याचा रेखांश ७४.७७, तेवढ्या फरकाने तिथला सूर्य तीन मिनिटे मागे राहतो. तीन मिनिटे म्हणजे काही नाही, असे कुणी म्हणेल. पण खानदेशात क्षितिजाला टेकलेले अख्खे बिंब तेवढ्या वेळात बुडते.

आपण सगळे एकाच घड्याळावर जगतो, म्हणून हा फरक दिसत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. जळगाव तिच्या पश्चिमेला सात अंशांवर, म्हणून तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२:२८ झालेले असतात, धुळ्यात १२:३१. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईची वेळ छापलेली असेल तर जळगावकराला त्यात सरासरी अकरा मिनिटांची दुरुस्ती करावी लागते. बहुतेक जण ती करत नाहीत. मोबाइलमधले अॅप ही दुरुस्ती न विचारता करून टाकते, आणि तिथेच मला काहीतरी हातचे जाते असे वाटते. टर्मिनलवरचे साधन आधी विचारते: तू कुठे आहेस? उत्तर द्यायचे तर आपल्या गावाचा पृथ्वीवरचा पत्ता आपल्याला ठाऊक असावा लागतो.

हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. चाळीसगावजवळ अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटणे आहे. गणिती भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड म्हणजे आजचे नेमके कोणते ठिकाण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पाटण्याचा १२०७ सालचा शिलालेख निःसंदिग्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे नाव सर्वांना ठाऊक असते, मला मात्र या संदर्भात ११८३चे ‘करणकुतूहल’ जास्त महत्त्वाचे वाटते. करणग्रंथ म्हणजे रोजच्या कामाचा गणिती ग्रंथ: मूळ सिद्धान्ताचा सगळा भार न उचलता, जवळचा काळ आरंभ धरून, थोडक्या आकडेमोडीत ग्रह आणि दिनमान काढून देणारा. सत्तरीला टेकलेल्या आचार्यांनी असे सुटसुटीत साधन हाती द्यावे, यात मला त्यांची मोठी आस्था दिसते.

त्या परंपरेतली सूर्योदयाची रीत आजही करून बघता येते. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली मोजायची. ती त्या गावाची पलभा. जळगावच्या अक्षांशावर ती ४.६ अंगुळे येते. तिला दहाने, आठने आणि दहाच्या तिसऱ्या हिश्शाने गुणायचे: ४६, ३७ आणि १५ पळे. ही चरखंडे. त्यांची बेरीज ९८ पळे, म्हणजे साधारण ३९ मिनिटे. अयनाच्या टोकाला अर्धा दिवस सहा तासांपेक्षा इतका वाढतो किंवा घटतो. आजच्या त्रिकोणमितीने उत्तर ३८ मिनिटे येते. एक काठी, एक सावली, तीन गुणाकार, आणि चूक मिनिटाभराची! संगणकाचा प्रोग्रॅम याच जातीचा आहे. त्यात वातावरणामुळे किरण वाकतात त्याची आणि बिंबाच्या त्रिज्येची भर पडते, म्हणून सूर्याचा मध्य क्षितिजाखाली ०.८३३ अंश असताना तो सूर्योदय मानतो.

छायाचित्रकार ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तो खानदेशात तासाचा नसतोच. सूर्य सहा अंश वर येईपर्यंतचा काळ धरला तर लंडनला डिसेंबरात तो तासभर टिकतो. जळगावला अर्धा तास. काही साधने तो क्षितिजाखाली चार अंशांपासून मोजतात, तरी पाऊण तासाच्या आसपासच. इथला सूर्य तिरका रेंगाळत नाही, सरळ चढतो. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात तर तो भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते.

पण सूत्राला सपाट क्षितिजच कळते. पाटण्याला तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत. डोंगराची कड पाच अंश जरी वर असली तरी हिवाळ्यात ऊन वीस-पंचवीस मिनिटे आधी जाते. तापीकाठी केळीच्या बागांवर पसरणारे धुके, वैशाखातली धूळ, लळिंगच्या किल्ल्यामागचे ढग, यांतले काहीच त्या ओळींत नसते. ही भर गावात राहणाऱ्यानेच घालायची असते, आणि साधन उघडे असेल तर ती घालता येते: क्षितिजाच्या उंचीची एक ओळ वाढवली की झाले. ज्याची आकडेमोड आपल्याला दिसत नाही त्या अॅपमध्ये हे करता येत नाही.

पाटण्याजवळच्या या चाळीसगावातच छायाचित्रकार केकी मूस राहिले. अर्धशतकाच्या आसपास त्यांनी घर जवळपास सोडलेच नाही, आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून डोंगर, झाडे, वाटा यांची छायाचित्रे उभी केली. ज्याला सूर्याच्या वेळेची गरज उरली नव्हती, त्यालाही प्रकाश कोणत्या कोनातून येतो, सावली किती लांब पडते, हे सूर्याकडूनच शिकावे लागले असणार. त्यांचे घर आज कलादालन म्हणून जपले आहे. छायाचित्रकाराने ते पाहायला हवे.

जळगाव-धुळ्यातल्या शिक्षकांना आणि कॅमेरा क्लबांना माझी विनंती आहे. येत्या २१ मार्चला, विषुवदिनाच्या सुमारास, शाळेच्या पटांगणात बारा समान भाग आखलेली काठी ओळंब्यात उभी करा. त्या दिवशीच्या मध्यान्ही, म्हणजे जळगावात १२:३५च्या सुमारास, धुळ्यात १२:३८च्या सुमारास, सावली मोजा. मुलांना चरखंडे काढू द्या, मग त्यांच्याच हातून संगणकावर अक्षांश-रेखांश टाइप करून घ्या, आणि दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.