दया आणि सत्य

दयेपोटी बोललेले असत्य निर्दोष मानावे काय? हा प्रश्न मला ग्रंथात नव्हे, क्रीडांगणावर पडला.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शर्यतीत मी स्वयंसेवक म्हणून अंतिम रेषेपाशी उभा होतो. चौथ्या आलेल्या मुलाला मी म्हणालो, "बाळा, तूच जिंकलास!" त्याने हातातील फीत दाखविली व शांतपणे म्हटले, "नाही काका, चौथा."

ती शर्यत स्पेशल ऑलिंपिकच्या पद्धतीची होती. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ साली शिकागो येथे या क्रीडांचा आरंभ झाला. येथे वय, लिंग व क्षमता पाहून समबल खेळाडूंचे गट करतात. पहिल्या तिघांना पदके, चौथ्यापासून आठव्यापर्यंत फिती. सन्मान सर्वांचा होतो. परंतु चौथ्याला कोणी पहिला म्हणत नाही.

गट समबल, म्हणून जय खरा. आणि म्हणूनच पराजयही खरा. मी त्या मुलाला जय दिला नव्हता, त्याची खरी धाव मात्र नाकारली होती. जी दया दुसऱ्याला लहान मानते, ती त्याला सत्य झेपणार नाही असेही परस्पर ठरविते. तीत सेवकाचा अहंकारच सुखावतो.

जयापजयी समत्व राखावे, या अर्थाची वचने मी कित्येक वर्षे भाषांतरित करीत आलो. त्या बालकाने ते आचरून दाखविले. सेवकाने पाणी द्यावे, रेषा आखाव्या, वेळ अचूक मोजावी. आणि चौथ्याला चौथा म्हणून मनापासून टाळी द्यावी.