कार्डावरचे नाव

साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद कागदावर माणसाने स्वतःविषयी काय सांगावे? नांदेड-लातूरकडे नवा धंदा सुरू करणारा मुसलमान तरुण व्हिजिटिंग कार्ड छापायला जातो, तेव्हा पत्ता, फोन, मालाची यादी यांवर वाद होत नाही. अडते ते नावापाशी. पूर्ण नाव छापावे की आद्याक्षरे? वर ७८६ हवे की नको?

पुष्कळांना आद्याक्षरे सोयीची वाटतात. मग घरातले एखादे बुजुर्ग विचारतात, नाव लपवून कमावलेली रोजी हलाल कशी? हा प्रश्न टाळता येणार नाही.

व्यापारातील खरेपणाबद्दलची एक हदीस आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. लातूरच्या आडत बाजारात तूर-सोयाबीन पाहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण इथे जाब मागितला तो मालातील दोषाबद्दल. विकणाऱ्याने आपले कूळ सांगितले की नाही, हा मुद्दाच नव्हता. गिऱ्हाइकाचा हक्क आहे तो माल, वजन, भाव आणि पत्ता खरा असण्यावर. नसलेली पदवी किंवा न मिळालेली 'सरकारमान्य'ता छापणे हा दगा आहे. नाव आखडून लिहिणे हा दगा नव्हे.

आद्याक्षरे ही तर मराठीची जुनी रीत. वि. स. खांडेकर किंवा ग. दि. माडगूळकर काय लपवतात, असे कोणी विचारले नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष फ. म. शहाजिंदे होते. लेखकाला चालते ते डाळीच्या व्यापाऱ्याला का चालू नये?

मराठवाड्यात तर पूर्ण आडनाव छापूनही गैरसमज होतो. पाटील, देशमुख ही वतनाची नावे. ती मुसलमानांतही आहेत. कार्डावर देशमुख वाचून समोरच्याने मनाशी काही ठरवले, तर ती त्याची समजूत. त्याने सरळ विचारले आणि आपण खोटे बोललो, तर मात्र हद्द ओलांडली.

दुसऱ्या टोकालाही धोका आहेच. हज अल्लाहसाठी असते. कार्डावरचे 'हाजी' ही मालाची हमी होऊ शकत नाही. ७८६ ही बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीची बेरीज. कार्ड पायदळी जाते म्हणून आयत न छापता आकडा छापतात, त्यामागे अदब आहे. काही उलेमांना तोही मान्य नाही. छापायचाच तर बरकतीच्या भावनेने छापावा, आपल्या माणसांना ओढण्यासाठी नव्हे.

काम चोख असले की नाव आड येत नाही, असे म्हणणे सोपे आहे. लातूरच्या गंजगोलाईचा आराखडा फैयाजुद्दीन यांनी केला. १९१७ साली इमारत उभी राहिली. मध्ये अंबाबाईचे मंदिर, भोवती बाजार, सोळा रस्ते. त्या रस्त्यांवर चालताना आराखडा कोणाचा, हे कोणी विचारत नाही. पण कार्डावरचे नाव वाचून फोनच न करणारेही आहेत. दोष त्यांचा. ज्याला महिन्याचा हप्ता भरायचा आहे, त्याला पगारावर जगणाऱ्यांनी धैर्याचे धडे देऊ नयेत.

काळजी वेगळीच आहे. आद्याक्षरे छापता छापता आपले नाव हेच राशीतले ओले धान्य आहे, असे मनात बसू लागले तर? बापाचा फोनवरचा बदललेला आवाज मुले ऐकत असतात. आपल्या नावात काही खोट आहे, हे ती तिथेच शिकतात. हे नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही.

म्हणून आद्याक्षरे खुशाल छापावीत, पण विचारल्यावर पूर्ण नाव न अडखळता सांगावे. आणि एका मोहल्ल्यासाठी एक, दुसऱ्यासाठी दुसरे अशी दोन कार्डे करू नयेत. मशिदीतून बाहेर पडताना शेजाऱ्याला देतो तेच कार्ड मोंढ्यातल्या शेटजींनाही देता यावे, एवढे पाहिले तरी पुरे.