घाई नक्की कुणासाठी?



गेल्या गुरुवारी नामस्मरण झाल्यावर एका काकूंनी आम्हा दोघांना थांबवून विचारलं, "काय हो, बाळाचं कुठवर आलं? आणि घराचं?" दोन्हीचं उत्तर एकच होतं, चाललंय. काकू हसल्या, आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत मनात एक प्रश्न घोळत राहिला, तोच आज इथं मांडतोय. देवाकडे 'लवकर दे' असं मागावं का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही दत्तक मुलासाठी नाव नोंदवलं. आता सगळ्या देशाची नोंद 'कारा' या केंद्रीय यंत्रणेकडे होते आणि क्रमानं नंबर लागतो. लहान, निरोगी बाळ मागणाऱ्या घरांची रांग केवढी लांब आहे, हे आम्हाला पुढं कळलं. तेव्हा वाटलं, वर्षभरात बाळ येईल. म्हणून घर दुरुस्तीला काढलं.

घर शहापुरातलं, आजोबांच्या वेळचं, कौलारू. मागची खोली बाळाची करायची, पण तिच्या भिंतीला ओल. बेळगावच्या पावसाचं तुम्हाला काय सांगायचं! गवंडी म्हणाला, "कौलं बदलू, गिलावा नवा करू, पण रंगाची घाई नको. यंदाचा पाऊस जाऊ दे, दिवाळीनंतर भिंतीला ऊन खाऊ दे." आम्हाला कुठला एवढा धीर! घरभेटीला समाजसेविका येणार होत्या, त्यांच्या अहवालावर सगळं पुढचं. त्याचं न ऐकता ओल्या भिंतीवरच पिवळा रंग मारून घेतला. दिसली छान. बाई जुलैत आल्या तोवर भिंतीला हातभर पोपडे.

बाईंनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि विषय सोडून दिला. त्यांनी विचारलं, "मुलाला तू दत्तक आहेस हे कधी सांगणार?" आमच्यातला एक म्हणाला, मोठं झाल्यावर. त्याच क्षणी दुसरा म्हणाला, सांगायचंच कशाला? बाई वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. तीन महिने आम्ही भिंतीसाठी भांडलो होतो, या गोष्टीवर एकदाही बोललो नव्हतो.

पुढं वर्ष गेलं, दोन गेली. मग आम्ही नवस केला, बाळ घरी येईपर्यंत गोड खायचं नाही. यात भक्ती किती आणि अडवणूक किती, हे आज सांगणं अवघड आहे. श्रीसाईसच्चरितातली राधाबाई देशमुखांची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. बाबांनी कानमंत्र द्यावा म्हणून त्या म्हातारीनं अन्नपाणी सोडलं. बाबांनी तिला मायेनं जवळ बसवलं, पण मंत्र दिला नाही. आपल्या गुरूंनी आपल्याकडे दोनच पैसे मागितले, एक निष्ठेचा, एक सबुरीचा, असं सांगितलं. आम्ही ही गोष्ट कितीदा ऐकलेली, पण ती आपल्याविषयी आहे असं कधी वाटलं नाही.

वाटलं ते वेगळ्याच कारणानं. चौकशीला गेलो असता एका ताईंनी समजावलं, की आई-वडिलांनी मूल स्वतः सोपवलं असेल तर कायदा त्यांना फेरविचाराला ६० दिवस देतो. सोडून दिलेलं मूल असेल तर आधी त्याच्या माणसांचा शोध घ्यायचा. हे सगळं झाल्यावरच ते दत्तक देता येतं. म्हणजे आमच्या वाट बघण्यातले काही दिवस कुण्या बाईचे होते. त्या दिवसांत तिचं मन बदललं, तर मूल तिच्या कुशीत परत जाणार. आणि आम्ही रोज समईसमोर हात जोडून काय मागत होतो? ते दिवस लवकर सरू देत! त्या संध्याकाळी आरती म्हटली, पण 'लवकर' हा शब्द तोंडातून निघाला नाही. दुसऱ्या दिवशी गोड सुरू केलं. आईंनी काही न विचारता शिरा वाढला.

पण म्हणून प्रत्येक उशीर देवाची इच्छा मानायचा का? नाही, इथं आम्ही चुकलो होतो. एका कार्यालयात आमचा एक कागद फक्त सहीसाठी चार महिने पडून होता आणि आम्ही सबुरी म्हणून गप्प बसलो. खरं सांगायचं तर तो आळस होता, थोडी भीतीही. आईला दिलेले ६० दिवस वेगळे आणि टेबलावर धूळ खाणारी फाईल वेगळी. त्या फाईलीपायी तिकडं एखादं लेकरूही संस्थेत खोळंबत असतं. दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा, हा बदल १ सप्टेंबर २०२२ पासून झाला, तो याच खोळंब्यापायी. म्हणून आता दर पंधरा दिवसांनी आम्ही नम्रपणे, पण न चुकता विचारायला जातो. नाम घेत घेत जातो म्हणा हवं तर.

दोन्ही उशीर दिसायला सारखेच दिसतात, हीच पंचाईत आहे. आमच्यापुरतं आम्ही एवढंच विचारून बघतो, की हा वेळ कुणाच्या कामी येतोय? कुणाच्याच नसेल तर उठायचं.

घरभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो, म्हणून २०२५ मध्ये त्याच बाई पुन्हा आल्या. भिंत आता कोरडी आहे, दोन उन्हाळे खाल्लेली. रंग मात्र अजून दिला नाही, तो मुलाला विचारून द्यायचा. त्यांच्या प्रश्नाला या वेळी दोघांचं उत्तर एकच आलं, पहिल्या दिवसापासून सांगणार, गोष्टीसारखं.

आम्ही आता दोन ते चार वर्षांचं मूल मागितलंय. आईंनी शिवलेली दुपटी आतेबहिणीच्या नातवाला गेली. परवा बघतो तर आई मशीनवर बसलेल्या. मुलगा की मुलगी ते ठाऊक नाही, म्हणून सदरा शिवत होत्या, तो कुणालाही चालतो. माप कुणाचं घेतलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "अंदाजानं की. दुमड मोठी ठेवलीय, उसवून वाढवता येईल."