पाकिटावरची मोहर कोणाची?

पत्र गुप्त राखण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा की त्याच्या घराचा, हा प्रश्न आम्हा माळव्यातील मराठी मंडळींना अपरिचित नाही. १७६१ मध्ये पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती, ग्रँट डफ सांगतो त्याप्रमाणे, नर्मदा उतरत असताना हाती आलेल्या एका सावकारी पत्रातून. पत्रात मोती आणि मोहरा गमावल्याचा हिशेब होता. अर्थ पडलेल्या माणसांचा होता. तेथे मजकूर झाकला तो लिहिणाऱ्यानेच. उलट आमच्या कित्येक जुन्या वाड्यांतून सुनेचे माहेरी जाणारे पत्रही कर्त्या पुरुषाच्या नजरेखालून जात असे. तेथे काय झाकावे, हे घर ठरवी.

हाच प्रश्न आज संगणक-प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, उभा आहे. संगणकावरील प्रोग्राम बाहेरच्या जगाशी बोलतो तो सॉकेट नावाच्या दारातून. त्या दारावरचा द्वारपाल म्हणजे कर्नेल. 'आयपीसेक' या पद्धतीच्या १९९८ च्या मानकांनुसार कोणते पाकीट कूटबद्ध होऊन, जणू मोहर लावून, जावे याची नियमवही द्वारपालाजवळ असते. ती घराची वही. शिवाय एखाद्या सॉकेटला स्वतंत्र नियमही लावता येतो, आणि त्या दारापुरता तोच चालतो.

हा स्वतंत्र नियम लावावा कोणी? जपानमधील 'कामे' प्रकल्पाने (१९९८–२००६) फ्रीबीएसडी आदी प्रणालींसाठी केलेल्या रचनेत साध्या प्रोग्रामलाही 'माझी पाकिटे मोहरबंद करा' असे सांगता येते. 'वही बाजूला ठेवून उघडी जाऊ द्या' असे म्हणण्यास मात्र विशेष अधिकार लागतो. लिनक्समध्ये दोन्ही गोष्टींना नेटवर्क-प्रशासकाचा अधिकार हवा.

आम्हांस पहिली रीत न्यायाला अधिक धरून वाटते. कारण घराची वही नेहमीच भरवशाची नसते. तिच्यात 'जमल्यास मोहर लावा' आणि 'मोहरेविना पाठवू नका' असे दोन वेगळे नियम आहेत. पहिला लागू असेल आणि किल्ल्या ठरलेल्या नसतील, तर पाकीट उघडेच निघून जाते. पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. इंदुरातील एखाद्या रुग्णाचा तपासणी-अहवाल असा गेला, तर नियम मोडला असे कोणी म्हणणार नाही. रुग्णाचे गुपित मात्र फुटलेले असेल. अशा वेळी 'मोहर नसेल तर पाठवूच नका' असे म्हणण्याची सोय पाठवणाऱ्याला असावयास हवी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. स्वतंत्र नियम घराच्या नियमात भर घालीत नाही, त्याची जागाच घेतो. त्यामुळे एखादा अर्धवट जाणकार कडक नियमाच्या जागी सैल नियम लावून बसेल. लिनक्सच्या सावधगिरीला येथे बळ मिळते. परंतु यावर उपाय परवानगी काढून घेणे हा नव्हे. घराचा आणि व्यक्तीचा असे दोन्ही नियम पाहावेत व त्यांतील अधिक कडक तो पाळावा, इतके पुरेसे आहे. पडदा दूर सारल्याने आतील सर्वच उघडे पडतात. म्हणून ते एकट्याच्या मर्जीवर सोडू नये. आपल्यापुरता पडदा ओढून घेण्यासाठी मात्र कोणाची अनुज्ञा मागावी लागू नये.